उत्तम शुक्रवारची बारा ते तीनची उपासना सकाळी घ्यावी का? (मराठवाड्यातला आपला उपवासकाळ)

शिंदीचा_ओढा | ९ मार्च २०२६

जय ख्रिस्त, आणि बाकी सगळ्यांना नमस्कार.

आमची मंडळी अंबड तालुक्यातल्या एका खेड्यातली. घरं चाळीसेक, प्रार्थना मंदिर पत्र्याचं. १८ फेब्रुवारीला राखेचा बुधवार झाला. आता २९ मार्चला झावळ्यांचा रविवार (येशू गाढवावर बसून यरुशलेमेत आला, लोकांनी झावळ्यांनी स्वागत केलं तो दिवस), ३ एप्रिलला उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आणि ५ एप्रिलला ईस्टर. काल कमिटीत विषय निघाला की उत्तम शुक्रवारची उपासना यंदापासून सकाळी आठ ते अकरा घ्यायची. कारण सरळ आहे. भर दुपारी वरून पत्रा तापलेला, आणि निम्म्याहून जास्त माणसं निर्जळी. या उपासनेत येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर एकेक करून बोलतात. गेल्या वर्षी चौथ्या उद्गाराला एक आजी बाकावरच कलंडल्या. तोंडावर पाणी मारलं तेव्हा डोळे उघडले. संध्याकाळी बऱ्या झाल्या, पण सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता.

त्या आजी अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. तरी सकाळच्या वेळेला मन तयार होईना. शुभवर्तमानात लिहिलंय की सहाव्या तासापासून नवव्या तासापर्यंत अंधार पडला. सहावा तास म्हणजे आपले दुपारचे बारा, नववा म्हणजे तीन. लहानपणी मी आईच्या मांडीला टेकून बसायचो. ऊन चढलं की पत्रा मधूनच कट्‌ कट्‌ वाजायचा. वीज जायची, पंखा थांबायचा आणि पाळकसाहेबांचा आवाज तेवढा राहायचा. तीन वाजायची वाट बघत तसं बसणं, हीच माझ्यासाठी उपासना होती.

राखेच्या बुधवारी कपाळाला लावायची राख गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून करतात. यंदाची मीच केली. आमच्याकडं नारळाची झाडं नाहीत, त्यामुळं झावळ्या ओढ्याकाठच्या शिंदीच्या. गेल्या वर्षीच्या झावळ्या घराघरात फोटोमागं खोचून ठेवलेल्या असतात, त्या गोळा केल्या. पानं भुर्रकन पेटतात, पण मधला दांडा जळता जळत नाही. त्याचे कोळसे पुन्हा फुंकावे लागले. घमेल्यातली राख पातळ फडक्यातून गाळली, तेव्हा चाळीस घरांच्या झावळ्यांची मिळून जेमतेम एक वाटी भरली. ती कपाळावर लावताना पाळकसाहेब म्हणतात, 'तू माती आहेस आणि मातीला परत मिळशील.' माझ्या सहा महिन्यांच्या पुतणीच्या कपाळालाही ते बोट टेकलं.

तुमच्या मंडळीत काय करतात? वेळ बदललीय का कुणी?

सिस्टर_लातूर | ९ मार्च

दादा, मी नर्स आहे, म्हणून आधी कामाचं सांगते. साठीच्या पुढची माणसं, शुगरचे पेशंट, बीपीच्या गोळ्या घेणारे, पोटुशा बाया, यांना निर्जळी उपास करू देऊ नका. दुपारी तर नाहीच. मीठ-साखरेचं पाणी घोटभर पोटात गेल्यानं उपास मोडत नाही, हे पाळकसाहेबांनी स्वतः उभं राहून सांगितलं पाहिजे. आमचं कुणी ऐकत नाही, त्यांचं ऐकतील.

वेळेचं तुम्ही ठरवा. मला विचाराल तर अडचण घड्याळाची नाही, पत्र्याची आहे.

वैजापूरकर | १० मार्च

आम्ही कॅथलिक, त्यामुळं आमच्याकडं थोडं वेगळं. उत्तम शुक्रवारी मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, नसतेच. वर्षातला तो एकच दिवस असा. गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेत पवित्र केलेला प्रसाद शुक्रवारी देतात. त्या दिवशीचा विधी साधारण तीनच्या सुमाराला सुरू होतो. सकाळी क्रुसाची वाट असते, येशूच्या शेवटच्या वाटेवरची चौदा स्थानं, प्रत्येक ठिकाणी थांबून प्रार्थना. आम्ही ती शिवारातून काढतो, ऊन चढायच्या आत.

उपासाबद्दल सिस्टरांना दुजोरा. आमचा नियमच आहे की उपास १८ ते ५९ वयाच्या माणसांना. साठी लागली की बंधन नाही, आजारी माणसाला कधीच नाही. मांसाहार न करण्याचा नियम चौदा वर्षांपासून पुढं.

आता वेळ सरकवण्याबद्दल. ईस्टरच्या आदल्या रात्रीचा जागरण विधी आमचा वर्षातला सगळ्यांत मोठा विधी. अंधारात नवा अग्नी पेटवायचा, त्यावर पाश्काची (ईस्टरची) मोठी मेणबत्ती लावायची, मग एकेकाच्या हातातली मेणबत्ती पेटत जाते. हा विधी कित्येक शतकं शनिवारी सकाळी उरकत होते! हळूहळू वेळ अलीकडं आली आणि मग तीच रूढ झाली. लख्ख उजेडात 'ही ती रात्र' असं गायचं. शेवटी १९५५ साली पोप बारावे पायस यांनी तो पुन्हा रात्री नेला. उत्तम शुक्रवारचा विधीही तेव्हाच सकाळचा दुपारी आला. म्हणून म्हणतो, एकदा सरकवलेली वेळ परत जागेवर आणायला फार दिवस लागतात.

जालन्याचा_म्हातारा | १० मार्च

वय ७८. माझं थोडं वेगळं मत आहे, ते शांतपणे ऐकून घ्यावं.

आमच्या घराण्याचा विश्वास स्कॉटिश मिशनचा. जालन्याजवळचं बेथेल ज्यांनी वसवलं ते रेव्हरंड नारायण शेषाद्री, १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर ते गाव उभं राहिलं. माझ्या आजोबांनी राखेचा बुधवार कधी पाळला नाही. चाळीस दिवसांचा उपवासकाळही नाही. स्कॉटलंडमध्ये १५६० साली धर्मसुधारणा झाली, तेव्हा वर्षातले सण काढूनच टाकले होते. बायबलात ज्याची आज्ञा नाही ते पाळायचं नाही, दर रविवार हाच पुनरुत्थानाचा दिवस, हा त्यांचा विचार. तिथं नाताळची सरकारी सुट्टीसुद्धा १९५८ साली सुरू झाली.

आपल्याकडं बऱ्याच गोष्टी २९ नोव्हेंबर १९७० नंतर रुळल्या. त्या दिवशी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आणि अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, ब्रेदरन अशा मंडळ्या एक झाल्या. त्यात अँग्लिकन मंडळींचा वार्षिक क्रम आला, जांभळं-पांढरं वस्त्र आलं. पहिल्यांदा कपाळाला राख लावली तेव्हा मला अवघडल्यासारखं झालं होतं. वडिलांनी तर लावून घेतलीच नाही.

आज मी लावून घेतो. बायको गेल्यापासून ते वाक्य ऐकायला मी जातो. पण वेळेसाठी भांडू नका. आमच्या आजोबांना ना बारा माहीत होते ना तीन, आणि त्यांचा विश्वास तुमच्या-माझ्यापेक्षा उणा नव्हता.

शिंदीचा_ओढा | १० मार्च

आजोबा, हे मला माहीतच नव्हतं. आमच्या घरात सगळं पहिल्यापासून असंच आहे असं धरून चालतात. तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, हे खरं सांगतो.

नांदेडी | ११ मार्च

मी ख्रिश्चन नाही, पण शेजार तुमच्याच लोकांचा होता. ईस्टरला पहाटे चारला त्यांच्या घरी पेटी-तबला सुरू व्हायचा आणि आमची आई म्हणायची, उठा, त्यांचा देव उठला, तुम्हीही उठा. एक विचारायचं होतं. ही तारीख दरवर्षी का बदलते? नाताळ कसा २५ डिसेंबरला ठरलेला असतो.

मास्तर_परभणी | ११ मार्च

हा माझा आवडता विषय, म्हणून सविस्तर लिहितो.

येशूला वधस्तंभावर दिलं ते यहुदी लोकांच्या वल्हांडण सणात, आणि वल्हांडण येतो वसंतातल्या पौर्णिमेला. म्हणून ईस्टरही चंद्राला बांधलेला. नियम असा: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्या नंतरचा पहिला रविवार. पौर्णिमाच रविवारी आली तर पुढचा रविवार. २०२५ ला तसंच झालं, १३ एप्रिलची पौर्णिमा रविवारी धरली गेली म्हणून ईस्टर २० ला. ही पौर्णिमा कोष्टकातून काढतात, आकाशातल्या पौर्णिमेशी ती एखाद्या दिवसानं पुढंमागं होते. या नियमानं ईस्टर २२ मार्चच्या आधी येत नाही आणि २५ एप्रिलच्या पुढं जात नाही.

आता आपलं पंचांग शेजारी ठेवून बघा. ती पौर्णिमा एक तर होळीची असते, नाही तर हनुमान जयंतीची. २०२४ ला होळी आणि झावळ्यांचा रविवार एकाच दिवशी, २४ मार्चला. २०१९ ला हनुमान जयंती आणि उत्तम शुक्रवार दोन्ही १९ एप्रिलला. यंदा हनुमान जयंती २ एप्रिलला, म्हणजे तुमच्या पवित्र गुरुवारी.

चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांचे, सूर्याच्या वर्षाला अकरा दिवस कमी. दोघांचा मेळ एकोणीस वर्षांनी बसतो, त्या काळात चांद्रमहिने २३५ होतात, म्हणजे सात जास्तीचे. आपण ते सात अधिक महिने म्हणून घेतो. ईस्टरची कोष्टकंही याच एकोणीस वर्षांच्या चक्रावर केलेली. धोंड्याच्या महिन्याचं आणि ईस्टरचं गणित मुळात एकच आहे. यंदा पन्नासावा दिवस, म्हणजे ईस्टरनंतरचा पवित्र आत्मा उतरल्याचा सण, २४ मेला येतो, तेव्हा अधिक ज्येष्ठ चालू असेल.

आणखी एक. उपवासकाळाला इंग्रजीत लेंट म्हणतात, तो शब्द मुळात वसंत ऋतूचाच, दिवस मोठा होत जातो त्यावरून पडलेला.

नांदेडी | ११ मार्च

मास्तर, म्हणजे येशूला पकडलं ती गेथशेमाने बागेतली रात्र चांदण्याची होती?

मास्तर_परभणी | ११ मार्च

हो. पूर्ण चंद्र होता. यंदा पवित्र गुरुवारी रात्री प्रार्थनेला बसाल तेव्हा वर बघा.

सिस्टर_लातूर | १२ मार्च

वेळेबद्दल एक वाचलेलं सांगते. सात उद्गारांची ही बारा ते तीनची उपासना पहिल्या शतकातली नाही. ती सुरू झाली पेरू देशातल्या लिमा शहरात. १६८७ साली तिथं मोठे भूकंप झाले, त्यानंतर अलोन्सो मेसिया नावाच्या जेझुइट फादरांनी लोकांना घेऊन ती सुरू केली. मग युरोपात गेली, अँग्लिकन लोकांनी घेतली आणि तिथून आपल्याकडं.

मी किल्लारीकडची. ३० सप्टेंबर १९९३ ला मी अकरा वर्षांची होते. पहाटे चारच्या आत सगळं पडलं. पुढं आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो, दोन उन्हाळे. दुपारी बारा ते तीन पत्र्याखाली बसणं काय असतं ते मला कुणी सांगायला नको. त्या वेळात आई आम्हाला बाहेर बाभळीखाली घेऊन बसायची. ती काही बोलायची नाही, मांडीवर धाकट्या भावाचं शर्ट असायचं. तो राहिला नव्हता.

लिमाच्या त्या लोकांबद्दल वाचलं तेव्हा मला वाटलं, तेही घरात बसू शकत नसतील. म्हणून म्हणते दादा, वेळ तीच ठेवा पण माणसं झाडाखाली घ्या.

वैजापूरकर | १२ मार्च

सिस्टर, काय लिहावं कळत नाही. तुमच्या भावासाठी रविवारच्या मिस्सेत प्रार्थना सांगतो.

केजची_लेक | १४ मार्च

मी उशिरा वाचायलेय, पण माझं म्हणणं मांडते. तुम्ही सगळे उत्तम शुक्रवारच्या तासाबद्दल बोलायलेत. आमच्याकडं प्रश्न असतो की त्या शुक्रवारी माणसं गावात हायेत का नाहीत.

माझे आईबाप वीस वर्षं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला गेले. दिवाळी झाली की टायरगाडी निघायची. नाताळ आम्ही गावात कधी केलाच नाही. नाताळ म्हणजे कारखान्याचा तळ, कोपीत चिमणीच्या उजेडात आई एक गाणं म्हणायची आन्‌ पहाटे तीनला पुन्हा फडात. लोक म्हणतात नाताळ मोठा सण. आम्हाला ईस्टर मोठा, कारण तवा पट्टा पडलेला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपलेला असायचा आन्‌ सगळे घरी आलेले असायचे. आजी वेशीपर्यंत यायची. झावळ्यांच्या रविवारी आमच्या मंडळीत जी गर्दी व्हायची ती नाताळाला कधीच नव्हती.

पण ईस्टर लवकर आला की पंचाईत. २००८ ला २३ मार्चला आला. पट्टा पडायचा होता, मुकादम सोडीना, उचल फिटली नव्हती. मी दहा वर्षांची. झावळ्यांच्या रविवारी तळावर शिंदी कुठली? बापानं उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याची पानं, दिले आम्हा पोरांच्या हातात. सात-आठ पोरं, कोप्यांच्या मधून 'होसान्ना' म्हणत गेलो. दुसऱ्या लोकांची पोरंही मागं आली, त्यांनीही वाढे घेतले. वाढ्याच्या पानाला धार असती. माझी ही बोटाची पेराजवळची रेघ तवाची हाय. मग ते वाढे बैलांना घातले. आईला वाईट वाटलं, राखेसाठी ठेवायचे असतात म्हणून. बाप म्हणला, गाढवावर बसून आला ना तो, मग बैलानं खाल्लं तर काय बिघडलं?

दादा, वेळ बारालाच ठेवा. सकाळी आठला ठेवली तर आदल्या रात्री गाडीतून उतरलेली बाई येऊ शकत नाही. तिला सामान लावायचं असतं, पाणी भरायचं असतं. बारापर्यंत ती येती.

शिंदीचा_ओढा | १४ मार्च

ताई, कमिटीच्या बैठकीत हे एकाच्याही तोंडून निघालं नाही. आमचीही पाच घरं ऊसतोडीला बाहेर आहेत. मी उद्या बोलतो.

जालन्याचा_म्हातारा | १५ मार्च

केजच्या लेकीचं वाचलं. वेळेबद्दल मी जे लिहिलं ते मागं घेतो. तिनं सांगितलेलं कारण मला पटलं.

वैजापूरकर | २० मार्च

काल गुढीपाडवा झाला, आमच्या गल्लीत सगळीकडं कडुनिंबाची डहाळी. वल्हांडणाच्या जेवणातही कडू भाजी असतेच, गुलामीतल्या दिवसांची आठवण म्हणून. शेजारच्या काकूंनी गूळ-कडुनिंब दिला, तो मी उपवासकाळातच आहे म्हणून दोनदा घेतला.

एक मनातलं. आपण चाळीस दिवस नेमानं पाळतो आणि ईस्टरचा रविवार झाला की सगळं गुंडाळून ठेवतो. खरं तर सण तिथून पन्नास दिवस चालतो. चाळीसाव्या दिवशी स्वर्गारोहण, यंदा १४ मे. मग पन्नासावा दिवस. पण तोवर लग्नसराई, पाण्याची टंचाई, लोक पोटामागं पुण्या-मुंबईला, आणि चर्चमध्ये बाकं रिकामी. दुःख पाळायला आपण येतो आणि आनंदाच्या वेळी घरी राहतो, हे मला फार लागतं.

शिंदीचा_ओढा | ६ एप्रिल

सगळ्यांना ईस्टरच्या शुभेच्छा. प्रभू उठला आहे! काय झालं ते सांगतो.

उपासना बारालाच घेतली, मंदिरामागच्या कडुनिंबाखाली. झाडाला नवी पालवी आणि मोहोर, त्यामुळं सावली दाट. ताडपत्र्या अंथरल्या, तीन रांजण भरून ठेवले. पाळकसाहेबांनी सुरुवातीलाच उभं राहून सांगितलं की पाणी प्यायल्यानं उपास मोडत नाही. तरी पहिला तासभर एकही माणूस उठला नाही.

एक गोष्ट मी आधी धरली नव्हती. पत्र्याखाली माणूस एका जागी बसतो, झाडाखाली सावली सरकते. पहिला उद्गार झाला तेव्हा आम्ही खोडाला लागून होतो. प्रत्येक उद्गारानंतर गाणं होईपर्यंत सगळे उठायचे, ताडपत्री दोन हात पूर्वेकडं ओढायचे आणि परत बसायचे. म्हाताऱ्यांना पोरं धरून नेत होती. सातव्या उद्गाराला आम्ही पार कुंपणाशी होतो. मोहोर बायबलाच्या पानांवर पडत होता, तो कुणी झटकला नाही.

पाचवा उद्गार, 'मला तहान लागली आहे', आम्ही दोन दिवसांपूर्वी उसावरून आलेल्या एका बाईंना दिला होता. त्या आयुष्यात कधी मंडळीपुढं बोलल्या नव्हत्या. चार-पाच मिनिटं बोलल्या. फडात मोळ्या वाहताना प्लॅस्टिकच्या कॅनमधलं पाणी दुपारी चहासारखं कडक होतं, लेकरू ते तोंडातून बाहेर टाकतं, आणि दुसरं पाणी नसतं, एवढंच त्यांनी सांगितलं. मग त्यांनी रांजणातून तांब्या भरला आणि गेल्या वर्षी कलंडलेल्या त्या आजींपुढं धरला. आजींनी आधी मान हलवली. मग घेतला, आणि सगळा प्यायल्या. त्यानंतर तांब्या रांगेतून फिरला.

काल पहाटे पाचला कब्रस्तानात जमलो. आठवडाभर तरुण संघानं वेडी बाभूळ तोडून वाटा मोकळ्या केल्या होत्या, कबरींना चुना लावला होता. चंद्र अजून आभाळात होता. मोगरा महाग, म्हणून महिला मंडळानं दोन-दोन फुलं वाटली, ज्यानं त्यानं आपापल्या माणसाच्या कबरीवर ठेवली. उजाडलं तेव्हा पेटी सुरू झाली. तिथंच चहा आणि उकडलेली अंडी. मग घरोघर मटण.

जालन्याचा_म्हातारा | ६ एप्रिल

खरोखर उठला आहे. मीही काल फुलं ठेवून आलो.

सिस्टर_लातूर | ६ एप्रिल

आजींचं वाचून बरं वाटलं. पुढच्या वर्षी रांजणाशेजारी मीठ-साखरही ठेवा.

वैजापूरकर | ७ एप्रिल

पन्नास दिवसांचं विसरू नका. २४ मेला पन्नासावा दिवस, त्या झाडाखाली पुन्हा जमा. त्या सणाचा रंग लाल, आणि लाल फुलांसाठी गुलमोहर असेलच.

शिंदीचा_ओढा | ७ एप्रिल

कमिटीत ठरवलंय, २४ मेला संध्याकाळी सहाला त्याच झाडाखाली. मास्तर, पुढच्या वर्षीचा ईस्टर कधी?

मास्तर_परभणी | ७ एप्रिल

२८ मार्च २०२७. होळीच्या पौर्णिमेनंतरचा रविवार. झावळ्यांचा रविवार २१ मार्चला.

शिंदीचा_ओढा | ७ एप्रिल

म्हणजे लवकर. आमची पाच घरं तोवर येतील का, याची आत्ताच काळजी लागली.

केजची_लेक | ८ एप्रिल

पट्टा पडला नाही तर तुम्हीच तळावर जा दादा. पाळकसाहेबांना सोबत घ्या. झावळ्या नेऊ नका, तिथं वाढे हायेत. फक्त पोरांना सांगा, पान मधून धरायचं, कडंनं नाही.